पायरी, पाटी आणि पुकारा : दिव्यांगांची वाट कुठे अडते?

गावात दवाखाना आहे, डॉक्टर आहेत, कपाटात औषधे आहेत, तरीही एखाद्या माणसाला उपचार मिळत नाहीत. कारण दाराशी पाच पायऱ्या आहेत आणि त्याचे पाय चालत नाहीत. दुसऱ्याला पायऱ्या चढता येतात, पण ऐकू येत नाही. त्याचा नंबर पुकारला जातो आणि निघूनही जातो. तिसरीला चालता येते, ऐकू येते, पण दिसत नाही. कोणती खोली कशाची हे पाटीवर लिहिलेले असते आणि पाटी तिच्या उपयोगाची नसते. तिघेही घरी परततात. कागदोपत्री तिघांनाही आरोग्यसेवा 'उपलब्ध' असते.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले आणि आता सातारा-सांगलीच्या वस्त्यांत फिरतो. या फिरण्यात एक गोष्ट वारंवार दिसते. घरातला दिव्यांग माणूस दवाखान्यात का येत नाही, असे विचारले की घरचे म्हणतात, "त्याला कुठं न्यायचं, फार त्रास होतो." हा त्रास नेमका कशामुळे होतो आणि तो कमी करणे कोणाचे काम आहे, ते या महिन्याच्या पानात समजून घेऊ.

हा प्रश्न किती घरांचा?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. देशाच्या एकूण लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के निघाले, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. हा फरक आकड्यात लहान दिसतो. त्यामागची कारणे वस्तीत राहणाऱ्यांना सांगावी लागत नाहीत : गरोदरपणातले अपुरे खाणे, धोक्याची अंगमेहनत, उशिरा मिळालेले उपचार.

जनगणनेत तेव्हा अपंगत्वाचे मोजके प्रकार विचारले गेले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. हाता-पायांचे अपंगत्व, अंधत्व, कमी दिसणे, बहिरेपणा हे तर आहेतच. शिवाय कुष्ठरोगातून बरे झालेले, मेंदूचा पक्षाघात असलेली मुले, मतिमंदत्व, स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन आणि ॲसिड हल्ल्यात जखमी झालेलेही त्यात येतात.

ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही पण अडचण तीच आहे, असेही पुष्कळ लोक आहेत. साखरेच्या आजारात पाय कापावा लागलेले बाबा, गुडघे धरलेली आजी, नऊ महिन्यांची गरोदर बाई, प्लॅस्टर घातलेला मुलगा, मोतीबिंदू पिकलेले काका. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधीच्या पिढीतले पोलिओ झालेले लोक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. आयुष्यभर एका पायावर आणि हातांवर भार दिल्यामुळे त्यांचे खांदे आणि मनगटे आता दुखू लागली आहेत. काल ते पायऱ्या चढत होते. आज त्यांना चढवत नाही.

इमारत अडवते तेव्हा आजार वाढतो

पायऱ्यांचा प्रश्न बांधकाम खात्याचा आहे, आरोग्याच्या पानावर तो कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर शरीरातच आहे.

पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचा भाग निकामी झालेला माणूस कामासाठी कचेरीत जातो. तिथे त्याला वापरता येईल असा संडास नसतो, म्हणून तो सकाळपासून पाणी पीत नाही. पाणी कमी गेले की लघवी घट्ट होते आणि मूत्राशयात जास्त वेळ साठते. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, खडे होतात आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर मूत्रपिंडावर परिणाम होतो. अपंग स्त्रियांना पाळीच्या दिवसांत हा त्रास दुप्पट होतो.

अशा माणसाला पाठीला, कुल्ल्यांना संवेदना नसते. पायऱ्यांवरून ओढत नेताना कातडी सोलली तरी त्याला कळत नाही. छोटी जखम बेडसोअर होते. बेडसोअरचे ड्रेसिंग करून घ्यायचे तर पुन्हा त्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे आणि जुना मधुमेह असलेल्यांचेही तसेच आहे. हाता-पायाला गरम, टोकदार कळत नाही. उन्हात तापलेल्या लोखंडी कठड्याला हात लावला तर फोड येतो आणि तो दुसऱ्या दिवशी दिसतो. मिरजेत कुष्ठरोगाचे जुने रुग्णालय आहे, त्यामुळे या भागात असे अनेक बरे झालेले लोक आहेत. कठडा गुळगुळीत हवा, त्यावर सावली हवी, उतारावर खडे-खिळे नकोत, या गोष्टी त्यांच्यासाठी जखम टाळण्याचे उपाय आहेत.

तपासणीच्या टेबलाचेही तसेच. टेबल उंच असेल तर पाय अधू असलेल्या गरोदर बाईला त्यावर चढता येत नाही. मग "राहू दे, वरूनच बघतो" असे होते आणि तपासणी अर्धवट राहते. तिला कोणी नाकारलेले नसते, पण तिची तपासणीही झालेली नसते.

कायदा काय सांगतो?

२०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आपल्या कामाची कलमे अशी :

कलम २५ आरोग्याबद्दल आहे. सरकारी आणि खाजगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत प्रत्येक भागापर्यंत दिव्यांगांना विनाअडथळा जाता आले पाहिजे. तपासणीत आणि उपचारात त्यांना प्राधान्य मिळाले पाहिजे. म्हणजे रांगेत पुढे घेणे हा कोणाचा उपकार नाही.

कलम ४४ नव्या इमारतींसाठी आहे. आराखड्यात दिव्यांगांच्या सोयी नसतील तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही. सोयी केल्या नसतील तर इमारत पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही आणि वापरही सुरू करू द्यायचा नाही.

कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी आहे. नियम निघाल्यापासून ५ वर्षांत त्या सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले. ही मुदत २०२२ मध्येच संपली.

कलम ८९ दंडाचे आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग इतके असूनही फरक का दिसत नाही? त्याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. राजीव रतुरी या अंध व्यक्तीने २००५ मध्ये याचिका केली होती. न्यायालयाने म्हटले की कायदा 'केलेच पाहिजे' असे सांगतो, पण केंद्राच्या नियमांतील मापे 'करावीत' अशा सूचनेच्या स्वरूपाची आहेत. बंधनकारक कायद्याखाली ऐच्छिक नियम चालणार नाहीत. म्हणून नियम १५ मधला तो भाग न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचे आदेश दिले.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. "मार्गदर्शक सूचना आहेत, जमेल तसे करू" असे उत्तर कोणी दिले, तर ते मान्य करायचे कारण नाही.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही असे आहे. त्या यादीत अपंगत्व हा शब्द नाही. ती उणीव २०१६ च्या कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढली. सार्वजनिक जागा सर्वांची, ही मागणी आपल्या समाजाला नवी नाही. फक्त या वेळी ती आपल्याच घरातल्या कोपऱ्यात बसलेल्या माणसासाठी करायची आहे.

रॅम्प आहे, पण चढता येतो का?

बऱ्याच कचेऱ्यांत रॅम्प दिसतो. तो मोजून पाहिला की खरे कळते. मोजायला फक्त टेप लागतो.

नियम १ ला १२ चा आहे. उंची १ फूट असेल तर रॅम्पची लांबी किमान १२ फूट हवी. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. तिथे रॅम्प १८ फूट हवा. प्रत्यक्षात अशा ठिकाणी पाच-सहा फुटांचा उतार ओतलेला आढळतो. तो मोटारसायकल आत घ्यायला ठीक आहे. व्हीलचेअरवरचा माणूस त्यावर स्वतःच्या हातांनी चढू शकत नाही, आणि उतरताना खुर्ची ताब्यात राहत नाही.

सांगली-मिरजेत नदीकाठच्या भागात पुराच्या भीतीने जोते उंच घेतात. जोते ३ फूट असेल तर रॅम्प ३६ फूट होतो. इतकी सरळ जागा नसते. तेव्हा तो मध्ये वळवून, वळणावर सपाट विसावा देऊन करता येतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गल्ल्यांना मुळातच चढ आहे. तिथे रस्ता आणि इमारतीचे दार यांच्यामधला टप्पाही मोजला पाहिजे. आत उत्तम रॅम्प आणि फाटकाशी उघडे गटार असेल तर त्या रॅम्पचा उपयोग नाही.

रॅम्प पाहताना आणखी चार गोष्टी पाहा. रुंदी किमान ४ फूट असावी. वर आणि खाली खुर्ची वळवता येईल अशी पाच फुटांची सपाट जागा असावी. दोन्ही बाजूंना कठडा असावा. फरशी गुळगुळीत नसावी, कारण पावसाळ्यात कुबडी घसरते.

दाराची मोकळी रुंदी ३ फूट हवी. केसपेपरची खिडकी किंवा टेबल एका ठिकाणी तरी अडीच फुटांच्या आसपास खाली असावे, म्हणजे बसलेल्या माणसाला कागद देता येतो. संडासाला बाहेर उघडणारे किंवा सरकते दार, कमोड, भिंतीला पक्का धरायचा दांडा आणि खुर्ची वळेल इतकी जागा हवी. आत उघडणारे दार का नको? आत माणूस पडला तर दार त्याच्याच अंगाला अडते आणि बाहेरून मदत करता येत नाही.

दिव्यांगांचा संडास बांधलेला असतो, पण त्याला कुलूप असते, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो, हेही आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले. आत झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात. बालपणीच्या शाळेतल्या पाण्याबद्दल बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. शाळेत प्रवेश होता, नळही होता, पण नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. आत येऊ दिले म्हणजे सोय झाली असे होत नाही, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. सोय दुसऱ्याच्या मर्जीशिवाय वापरता आली पाहिजे.

इमारत जुनी आहे, रॅम्पला जागाच नाही, असे खरोखर असू शकते. तेव्हा काम खालच्या मजल्यावर आणायचे. तलाठी किंवा डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत असतील तर त्या माणसासाठी त्यांनी खाली यायचे. एखाद्याच्या गरजेप्रमाणे अशी सोय करून देणे हेही कायद्यातच आहे. माणसाला चौघांनी उचलून वर नेणे ही सोय नव्हे. त्यात पडण्याचा धोका आहे आणि त्याचा मानही जातो.

माहितीलाही पायऱ्या असतात

इमारतीत शिरल्यावर पुढचा अडथळा माहितीचा येतो. आम्ही यासाठी एक साधा नियम सांगतो : कोणतीही सूचना डोळे, कान आणि स्पर्श यांपैकी किमान दोन वाटांनी पोहोचली पाहिजे.

नंबर फक्त पुकारला तर बहिऱ्याला कळत नाही. फक्त पाटीवर दाखवला तर अंधाला कळत नाही. पुकारला आणि दाखवला, दोन्ही केले तर दोघांनाही कळते, आणि गोंगाटात बसलेल्या बाकी सगळ्यांनाही. पाट्या मराठीत, मोठ्या अक्षरात, पांढऱ्यावर काळ्या किंवा गडद रंगावर पांढऱ्या असाव्यात. शेजारी चित्र असेल तर मतिमंद व्यक्तीला आणि वाचता न येणाऱ्या आजीलाही खोली सापडते.

बहिऱ्या स्त्रीची तपासणी हा नाजूक विषय आहे. तिच्या वतीने सासू किंवा नवरा बोलतो. तिला काय दुखते हे तिच्याकडून कळतच नाही आणि घरात मारहाण होत असेल तर ती सांगणार कशी? दवाखान्यात खुणांची भाषा जाणणारे कोणी असावे ही मागणी आपण केली पाहिजे. ते होईपर्यंत तिला एकटीला विचारायचे, कागदावर लिहून, चित्र काढून, बोट ठेवून. बोलताना तिच्या समोर उभे राहायचे, तोंडावर हात ठेवायचा नाही, ओरडायचे नाही. समजले का असे विचारले की माणूस मान हलवतो. त्याऐवजी "गोळी कधी घेणार ते दाखवा" असे विचारावे.

आता पुष्कळ माहिती मोबाइलवर आणि संकेतस्थळांवर आली आहे. तिथेही पायरी आहेच. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. अंध व्यक्ती किंवा ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेली व्यक्ती ते करू शकत नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. बँकेत किंवा सेवा केंद्रात "मशीन घेत नाही" म्हणून परत पाठवले, तर दुसरी पद्धत मागता येते.

घरच्या घरी औषधांची व्यवस्था

सरकारने करायचे ते करायलाच हवे. तोवर घरात या गोष्टी आजपासून करता येतात.

अंध किंवा कमी दिसणाऱ्या माणसाच्या बाटल्यांना रबरबँड लावा. दिवसातून एकदा घ्यायच्या औषधाला एक, दोनदा घ्यायच्या औषधाला दोन, तीनदा घ्यायच्या औषधाला तीन. सकाळची आणि रात्रीची पाकिटे वेगळ्या आकाराच्या डब्यात ठेवा, फक्त वेगळ्या रंगाच्या नको. गोळ्या पाकिटातून काढून एकत्र करू नका. डब्याची जागा बदलली तर त्या माणसाला सांगा.

बहिऱ्या माणसासाठी दिनक्रमाचे चित्र काढा : सूर्य, ताट, चंद्र आणि त्याखाली गोळ्यांची संख्या. १०८ ची रुग्णवाहिका बोलावण्यासाठी बोलावे लागते. म्हणून बहिरे दांपत्य एकटे राहत असेल तर रात्री कोणाचे दार वाजवायचे ते शेजारी आधीच ठरवून ठेवा.

व्हीलचेअरवरच्या माणसाला मदत करताना आधी विचारा, "मदत हवी का, कुठे धरू?" उतारावरून खाली नेताना खुर्ची उलटी, म्हणजे पाठ खालच्या दिशेला करून, हळू न्यावी. अंध माणसाचा हात ओढू नका. त्याला तुमचा कोपर धरू द्या आणि पायरी आली की "वर" किंवा "खाली" असे सांगा.

पुराच्या वेळी कोण कोणाला सांगणार?

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे. त्याचे पाणी कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीकडे येते. म्हणजे एका जिल्ह्यातली बातमी दुसऱ्या जिल्ह्याच्या वस्तीत वेळेत पोहोचणे हा जिवाचा प्रश्न आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. तिथे तर रात्रीच्या अंधारात पळायला मिनिटेच हाती होती.

इशारा बहुधा भोंग्यावरून, रिक्षा फिरवून किंवा मोबाइलच्या संदेशातून दिला जातो. भोंगा बहिऱ्याला ऐकू येत नाही. लिखित संदेश अंधाला वाचता येत नाही. ज्याला दोन्ही समजते पण चालता येत नाही, त्याला घरातच बसून पाणी चढताना पाहावे लागते.

कायद्याच्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करायची आहे. आपल्या घरातल्या व्यक्तीचे नाव त्या नोंदीत आहे का, हे तहसील कचेरीत किंवा महानगरपालिकेत लेखी विचारा.

वस्तीने स्वतःची यादीही करावी. प्रत्येक दिव्यांग, अंथरुणावरच्या आणि एकट्या राहणाऱ्या व्यक्तीसमोर दोन शेजाऱ्यांची नावे लिहावीत. दोन यासाठी की एक जण कामावर असू शकतो. पाणी इशारा पातळीवर आले की यांना आधी हलवायचे, धोका पातळीची वाट पाहायची नाही. निवारा म्हणून ठरवलेल्या शाळेत रॅम्प आणि वापरता येणारा संडास आहे का, हे मे महिन्यातच पाहून यावे. निवडणुकीच्या वेळी शाळांतल्या मतदान केंद्रावर लाकडी रॅम्प येतो आणि मतदान झाले की जातो. तोच पक्का करून मागितला तर शाळेतल्या मुलालाही होईल आणि पुरातही कामाला येईल.

पिशवी तयार ठेवा : पंधरा दिवसांची औषधे, कॅथेटर किंवा पॅड, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, चष्मा, दिव्यांग कार्डाची आणि केसपेपरची प्रत प्लॅस्टिकमध्ये. व्हीलचेअर, कुबडी, कॅलिपर यांना सामान समजून मागे ठेवू नका. ते त्या माणसाचे पाय आहेत.

आपले विहार, आपले समाजमंदिर

दुसऱ्यांच्या कचेऱ्या मोजताना आपल्या वास्तूही मोजाव्या लागतील. अनेक विहारांना उंच जोते आहे, समोर पाच-सात पायऱ्या आहेत, बाजूला कठडा नाही. वंदनेला, पौर्णिमेला, जयंतीला घरातले सगळे जातात आणि एक माणूस घर राखायला म्हणून मागे राहतो. दर वेळी तोच का राहतो, हे कोणी विचारत नाही. अखेरच्या काळात संधिवात आणि मधुमेहामुळे बाबासाहेबांनाही काठीचा आणि सहकाऱ्यांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागत होता. ते आज आपल्या विहाराच्या दारात आले तर त्या पायऱ्या कशा चढतील, एवढा विचार विहार समितीने करावा.

समाजमंदिरे बहुतेक अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत बांधली जातात. तो सरकारी पैसा आहे आणि इमारत सार्वजनिक आहे. कायदा तिथेही लागू आहे. नवे काम मंजूर होत असेल तर अंदाजपत्रक होण्याआधीच शाखा अभियंत्याला रॅम्प, तीन फुटांचे दार आणि संडास लेखी मागा. काम झाल्यावर रॅम्प जोडायला जागा उरत नाही आणि खर्चही वाढतो.

जागा कमी असेल तरी काही गोष्टी थोड्या पैशात होतात. पायऱ्यांना कठडा लावणे, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवणे म्हणजे कमी दिसणाऱ्याला कड दिसते, पाण्याचा नळ खालच्या उंचीवर घेणे, कार्यक्रमात खुर्चीसाठी पुढे जागा मोकळी ठेवणे, पत्रिका मोठ्या अक्षरात छापणे.

मागणी कशी करायची?

पहिले काम मोजणे. पायऱ्यांची संख्या, उंची, रॅम्पची लांबी, दाराची रुंदी, संडास उघडा की बंद, हे तारखेसह लिहा आणि फोटो काढा. "गैरसोय होते" या तक्रारीपेक्षा "उंची २ फूट, रॅम्प ७ फूट, हवा २४ फूट" हे वाक्य अभियंत्याला टाळता येत नाही.

दुसरे, त्या कार्यालयाच्या प्रमुखाला अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. अर्जात कलम २५, ४४ किंवा ४५ यांपैकी लागू असेल ते लिहा.

तिसरे, माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न असे : या इमारतीची दिव्यांगांच्या सोयींसाठी तपासणी कधी झाली? इमारत पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा? दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीतून मागील तीन वर्षांत काय खर्च झाला? ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची आहे. तिचा हिशेब ग्रामसभेतही मागता येतो.

चौथे, यातून काही झाले नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते.

प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढले नसेल तर काढून घ्या. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि दिलेल्या तारखेला शासकीय रुग्णालयात तपासणीला जायचे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर एसटीची सवलत, आरक्षण, योजना यांसाठी ते लागते. पण एवढे लक्षात ठेवा, रॅम्पवरून जायला, संडास वापरायला, पाटी वाचायला कार्ड लागत नाही. ती सोय सर्वांसाठी आहे.

पुढच्या पौर्णिमेला विहारात जाताना एक टेप बरोबर न्या. पायऱ्या मोजा, बाराने गुणा, आणि जो माणूस दर वेळी घरी राहतो त्यालाच विचारा की त्याला आणखी काय हवे आहे. तो जे सांगेल ते अर्जात पहिल्या ओळीला लिहा.

जयभीम.